थंडीत पिकअपचा ‘फोर बाय फोर’ का अडतो?

आज आपण बचतीवर बोलणार नाही आणि कर्जफेडीवरही नाही. आज बोलायचं आहे गाडीवर. गटाच्या पिकअप गाडीवर.

आता तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, गाडीचं आम्हाला काय कळतं? ते ड्रायव्हर आणि मिस्त्री बघून घेतील. आम्हीही असंच म्हणायचो. गाडीचा हप्ता आम्ही भरायचो, विमा आम्ही भरायचो, डिझेलचा हिशोब आम्ही लिहायचो. पण गाडीचं बॉनेट उघडलं की आम्ही चार पावलं मागे सरकायचो. एका डिसेंबरात या मागे सरकण्याची किंमत आम्हाला कळली. तीच गोष्ट आधी सांगतो आणि मग त्यातून आम्ही काय शिकलो ते सांगतो.

आमचं गाव महाबळेश्वर तालुक्यातलं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपासचा हा भाग. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठल्याच्या बातम्या तुम्ही दर हिवाळ्यात ऐकता. गाड्यांच्या टपावर, गवतावर पांढरा थर दिसतो. याच दिवसांत आमची स्ट्रॉबेरी निघते. आमची शेतं उतारावर, डांबरी रस्त्याच्या खाली. शेतातून वर यायची वाट लाल मातीची आणि चढाची. ठिबकच्या पाण्यानं आणि दवानं ती सकाळी निसरडी झालेली असते. म्हणून गटानं मुद्दाम जुनी पण फोर बाय फोर डिझेल पिकअप घेतली होती.

त्या दिवशी पहाटे फळ तोडून ट्रे गाडीत भरले. गाडी चढाला लागली आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. ड्रायव्हर म्हणजे आमच्याच एका ताईंचा मुलगा. तो फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढतोय, पण दांडा जागचा हलेना. शेवटी आम्ही बायकांनी सगळे ट्रे डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहिले. तोवर पुण्याची गाडी निघून गेली होती. ताजं फळ म्हणून जाणारा माल त्या दिवशी प्रक्रियेच्या भावानं द्यावा लागला.

दुपारी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी दांडा दोनदा हलवून बघितला आणि म्हणाले, “ताई, ट्रान्सफर केस गेलाय. अठरा हजार धरून चाला.” संध्याकाळी गटाची बैठक बसली. अठरा हजार ऐकल्यावर सगळ्यांचा राग त्या पोरावर निघाला. कुणी म्हणालं, हा गाडी आदळतो. कुणी म्हणालं, ड्रायव्हर बदला. त्याची आई कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. पोरगा एवढंच म्हणाला, “काकू, सकाळी दांडा दगडासारखा होता, आणि दुपारी गॅरेजमध्ये लोण्यासारखा पडला. मी काय करू?”

त्याचं ते वाक्य आमच्यापैकी कुणीच नीट ऐकलं नाही. ऐकलं ते एका ताईंच्या भावानं. त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम केलेलं. रविवारी ते घरी आले होते. त्यांनी विचारलं, “सकाळी अडतं आणि दुपारी चालतं, तर ते मोडलं कसं? मोडलेलं दुपारी आपोआप जुळून येतं का?”

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य लक्षात ठेवा. थंडीत सकाळी अडणारं आणि ऊन पडल्यावर चालणारं बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. ते घट्ट झालेलं, मंदावलेलं किंवा आखडलेलं असतं. पैसे मोजण्याआधी या तीन गोष्टी बघायच्या.

फोर बाय फोर म्हणजे काय?

साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. मागचं चाक चिखलात फिरायला लागलं की गाडी तिथंच थांबते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. आपण छोटा दांडा टाकला किंवा बटण फिरवलं की या पेटीतली दातेरी चाकं एकमेकांत बसतात आणि ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. मग चारही चाकं मिळून गाडी ओढतात.

त्यात बहुतेक गाड्यांना दोन प्रकार असतात, हाय आणि लो. ओल्या, निसरड्या पण सपाट वाटेला हाय. खड्या चढाला, भरलेल्या गाडीला, खोल चिखलाला लो. लोमध्ये गाडी हळू जाते पण जोर वाढतो. जड पोतं खांद्यावर घेऊन चढ चढताना आपण छोटी पावलं टाकतो ना, तसंच.

थंडी गाडीला काय करते?

पहिली गोष्ट, तेल घट्ट होतं. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी थिजते ते आपण रोज बघतो. गाडीचं तेल तसं पांढरं होऊन गोठत नाही, पण काकवीसारखं जाड होतं. ट्रान्सफर केसमधली चाकं या तेलातच बुडालेली असतात. तेल जाड असेल तर ती पटकन सरकत नाहीत आणि दांडा घट्ट लागतो. गाडी तासभर चालली की तेल गरम होऊन पातळ होतं आणि दांडा सहज पडतो.

आमच्या गाडीचं दुखणं हेच निघालं. आणि ते सापडलं कुठं? आमच्या फाइलमध्ये. आमच्या सचिवताई प्रत्येक कागद जपून ठेवतात. जुलैत गाडीचं काम एका गॅरेजला केलं होतं, त्याचं बिल निघालं. त्यावर लिहिलं होतं, गिअर ऑइल १४० नंबर. गाडीच्या पुस्तकात मात्र ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं. जुन्या गाडीचा गिअर आवाज करायला लागला की काही ठिकाणी जाड तेल भरून आवाज दाबतात. पावसाळ्यात ते चालून गेलं. डिसेंबरात त्याच तेलानं दांडा धरून ठेवला. शिवाय दांड्याच्या खालचे सांधे पावसाळ्याच्या चिखलानं गंजले होते. तेल बदललं, सांधे साफ करून ग्रीस लावलं. दीड हजाराच्या आत काम झालं. ट्रान्सफर केस अजून तोच आहे.

तेलाच्या नंबरबद्दल थोडं समजून घेऊ. ८०डब्ल्यू-९० यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. इंजिन ऑइललाही हाच नियम. १५डब्ल्यू-४० हे २०डब्ल्यू-५० पेक्षा थंडीत लवकर वाहतं. पण म्हणून आपल्या मनानं पातळ तेल भरायचं नाही. प्रत्येक गाडीचं तेल वेगळं असतं, काही गाड्यांच्या ट्रान्सफर केसला तर गिअरबॉक्सपेक्षा निराळंच तेल लागतं. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच भरायचा आणि बिलावर तो लिहून घ्यायचा.

दुसरी गोष्ट, बॅटरी मंदावते. बॅटरीत जी रासायनिक क्रिया होते ती थंडीत हळू चालते. पारा शून्याजवळ गेला की चांगल्या बॅटरीचीही गाडी सुरू करण्याची ताकद उन्हाळ्याच्या मानानं साधारण दोन तृतीयांश उरते. आणि नेमकं त्याच वेळी इंजिनाचं तेल जाड झालेलं असतं, म्हणून स्टार्टरला जास्त जोर लागतो. काम वाढलं आणि हात थकले, अशी तिची अवस्था होते.

याचा फोर बाय फोरशी काय संबंध? ज्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण असतं, तिथं ट्रान्सफर केसवर बसवलेली छोटी मोटर चाकं जुळवते. बॅटरी कमजोर असली किंवा त्या मोटरच्या वायरीच्या जोडात पावसाळ्याचा गंज असला तर मोटर अर्ध्यातच थांबते आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहतो. दिवा लुकलुकतोय म्हणजे फोर बाय फोर अजून पूर्ण लागलेला नाही. अशा वेळी चढाला जायचं नाही.

तिसरी गोष्ट, रबर आखडतं. काही गाड्यांत पुढची चाकं जोडायला हवेच्या ओढीवर चालणारी यंत्रणा असते. तिच्या बारीक रबरी नळ्या जुन्या झाल्या की थंडीत कडक होतात, त्यांना चिरा पडतात आणि हवा गळते. मग आतून फोर बाय फोर लागतो, पण पुढची चाकं जोडली जात नाहीत. अशी नळी बदलणं हे स्वस्त काम आहे. पण नळी न बघता आख्खा भाग बदलायला सांगितला, तर ते महागात पडतं.

फोर बाय फोर लावायचा कसा?

चिखलात अडकल्यावर, चाकं गरागरा फिरत असताना दांडा ओढायचा नाही. त्यानं दाते झिजतात. चढ लागायच्या आधी, सपाटीवर, पुढची चाकं सरळ ठेवून लावायचा. लो लावायचा असेल तर गाडी पूर्ण थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा आणि मग लावायचा. दांडा जात नसेल तर त्यावर ताकद लावू नका. गाडी हातभर पुढे किंवा मागे घ्या आणि परत प्रयत्न करा. बरेचदा दात्यावर दाता आलेला असतो, गाडी जराशी हलली की खाच जुळते.

थंडीच्या दिवसांत आम्ही आणखी एक गोष्ट करतो. माल भरायच्या आधी गाडी गावातून एक फेरी मारून आणतो. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर इंजिन तापतं, पण ट्रान्सफर केसचं तेल फारसं तापत नाही. गाडी चालली तरच ते पातळ होतं.

डांबरी रस्ता लागला की फोर बाय फोर काढायचा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून आतले दांडे पिळले जातात. मग वळताना गाडी धक्के देते, आणि दांडा काढायला गेलं तर निघत नाही. असं झालं तर घाबरू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि दांडा निघतो. हेही अनेकदा ‘ट्रान्सफर केस गेला’ म्हणून सांगितलं जातं.

याच कारणानं चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. थंडीत टायरमधली हवा कमी होते. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दोन ते तीन पौंड हवा कमी दाखवते. म्हणून हवा सकाळी, गाडी गार असताना तपासायची.

आणि फोर बाय फोर महिन्यातून एकदा तरी मातीच्या वाटेवर लावून थोडं अंतर चालवायचा, उन्हाळ्यातही. वापरात नसलेली कडी जशी गंजते तसंच याचं होतं.

पहाटे गाडी सुरूच होत नसेल तर?

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत हवा आणि इंजिन दोन्ही गार, म्हणून आत हीटर प्लग असतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर स्टार्टर मारू नये. मध्ये अर्धा मिनिट तरी बॅटरीला विश्रांती द्यावी.

स्टार्टर मारताना हेडलाइट लावून बघा. दिवे एकदम मंद झाले तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गाडी बंद करून, आधी वजा खुणेची वायर काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ते साफ करा. हातात रबरी मोजे घाला, कारण बॅटरीत तेजाब असतं. कोरडं करून व्हॅसलिन लावा आणि वजा खुणेची वायर शेवटी जोडा. ज्या बॅटरीत पाणी घालावं लागतं, तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी.

“डिझेल गोठलं” असंही आपल्याकडे सहज म्हणतात. लडाखसारख्या भागात हे खरोखर घडतं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. आपल्यावर तशी वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलेलं असतं. टाकी अर्धी रिकामी असली की थंड रात्री आत दव धरतं. म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी आणि फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेलं पाणी ड्रायव्हरनं वेळोवेळी काढावं.

काय करू नये?

इंजिन तापवायला गाडीखाली पाचट किंवा कागद पेटवू नका. डिझेल, वायरी, रबर सगळं तिथंच असतं. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेतो. दव गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. उतारावर अडकलेल्या भरल्या गाडीच्या मागे उभं राहून ढकलू नका. गाडी मागे आली तर पळायला वेळ मिळत नाही. आधी माल उतरवा. कष्ट पडले तरी चालतील.

आणखी एक. फोर बाय फोर आहे म्हणून गाडी लवकर थांबत नाही. तो गाडी ओढायला मदत करतो, थांबवायला नाही. पसरणी घाटात धुकं असताना उतरायचं असेल तर खालच्या गिअरमध्येच उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका.

गॅरेजला आपण जायचं

आता आमच्या गटानं नियम केला आहे. दुरुस्ती मोठी असली तर ड्रायव्हरसोबत दोन सदस्य गॅरेजला जातात. मिस्त्रींशी भांडायला नाही, विचारायला. चांगले मिस्त्री विचारलेलं मनाला लावून घेत नाहीत, उलट नीट समजावतात. आम्ही विचारतो:

१. दांडा कधी अडतो, गार असताना की नेहमीच? फक्त सकाळी अडत असेल तर गाडी रात्रभर गॅरेजला ठेवू. तुम्ही सकाळी स्वतः बघा.

२. आत कोणत्या नंबरचं तेल आहे? पुस्तकात कोणता सांगितलाय? तेल किती आहे, काळं पडलंय का, त्यात लोखंडाचा कीस दिसतो का?

३. बॅटरी, टर्मिनल, वायरीचे जोड, फ्यूज बघितले का?

४. रबरी नळ्या आणि दांड्याचे सांधे बघितले का?

५. हे सगळं ठीक असेल तर मग पेटी उघडा. जो भाग बदलाल तो जुना भाग आम्हाला परत द्या.

तेलात लोखंडाचा कीस निघाला, गाडी गरम झाल्यावरही खडखड आवाज येत राहिला किंवा दांडा आपोआप सुटायला लागला, तर मात्र टाळाटाळ करू नका. तिथं खरंच आत झीज झालेली असते आणि तो खर्च करावाच लागतो.

आणि एक वही ठेवा. आपण बैठकीची वही ठेवतो, बचतीची ठेवतो, तशी गाडीची वही. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, किती वाजता बिघडलं, कोणतं तेल भरलं, किती पैसे गेले. ‘किती वाजता’ हे नक्की लिहा. त्यातूनच कळतं की दुखणं थंडीचं आहे की झिजेचं.

शेवटी त्या पोराबद्दल सांगायला हवं. तेल बदलल्यानंतरच्या बैठकीत त्याला बोलावलं. अध्यक्षताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आम्ही तुझं ऐकलं नाही, चुकलो.” तो काहीच बोलला नाही. त्याच्या आईनं त्या दिवशी मान वर करून हजेरीवर सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे गवत पांढरं होतं. गाडी आधी गावातून फिरून आली, मग शेतात उतरली. सपाटीवर थांबून त्यानं दांडा टाकला आणि भरलेली गाडी चढून वर आली. त्या दिवशी पुण्याची गाडी आमच्यासाठी थांबली नाही. तशी गरजच पडली नाही, कारण आम्ही तिच्या आधी पोचलो होतो.

अठरा हजार वाचले हे खरं. पण गटातलं एक घर तुटता तुटता राहिलं, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. तुमच्या गटाची गाडी असेल तर येत्या बैठकीत एवढंच करा. गाडीचं पुस्तक बाहेर काढा, शेवटचं बिल बाहेर काढा, आणि तेलाचा नंबर जुळतो का ते बघा.